विषय: मुलगा फायर टेक्नॉलॉजी म्हणतोय, सासूबाईंना इंग्रजी शिकायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात हेवर्डला राहतो. मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात जेवताना ताटावरची नजर न उचलता म्हणाला, "मला शबो कॉलेजला फायर टेक्नॉलॉजी करायचंय, अग्निशामक व्हायचंय." तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नाही. ह्यांचं म्हणणं, इतकी वर्षं राबलो ते पोराने आगीत उडी घालावी म्हणून का? भीती मलाही वाटते, पण त्याचा चेहरा बघितला की नाही म्हणवत नाही. आपल्यापैकी कुणाची मुलं या वाटेने गेली आहेत का?

दुसरं म्हणजे सासूबाई ग्रीन कार्डावर कायमच्या इथे आल्यात. परवा स्मोक अलार्म वाजला तेव्हा घाबरून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. शेजारीण काळजीने विचारत होती आणि त्यांना घराचा नंबरही सांगता येईना. फार मनाला लागलंय त्यांच्या. या वयात त्यांना कुठे वर्गात घेतील का?

– हेवर्डहून एक आई

*

ताई,

तुमची मेल वाचली आणि आमचंच घर डोळ्यांपुढे आलं. माझी मुलगी आज फायर इंजिनावर आहे. काय काय लागतं ते सांगते, म्हणजे घरी बोलायला तुमच्या हाताशी काही राहील.

आधी पैसे. शबो हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना तिथे अभ्यासक्रमाच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात. असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीची ६० युनिटं धरली तर सगळे मिळून २,७६० डॉलर. पुस्तकं, गणवेश, फायर अकॅडमीतल्या प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. पुढे मन बदललं तर इथूनच स्टेट युनिव्हर्सिटीला किंवा यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर घेता येते.

वर्गात आग कशी वागते, इमारती कशा बांधतात आणि जळताना कशा कोसळतात, हे सगळं शिकवतात. जोडीला ईएमटीचा, म्हणजे तातडीच्या वैद्यकीय मदतीचा कोर्स हवाच. तो किमान १७० तासांचा असतो आणि प्रमाणपत्राला अठरा वर्षं पूर्ण लागतात. मग सीपॅट ही शारीरिक चाचणी: अंगावर साडेबावीस किलोचं जाकीट, ओळीने आठ कामं, १० मिनिटं २० सेकंद. पहिलंच काम तीन मिनिटं जिना चढायचं, तेही खांद्यांवर आणखी अकरा किलो घेऊन. पुढे पाऊणशे किलोचा पुतळा ओढायचा. मुलगी पहिल्या वेळी त्या पुतळ्यापाशीच अडली. नंतर सहा महिने रोज संध्याकाळी गॅरेजसमोर वाळूची पोती ओढत होती. तळहाताची सालं निघायची, पण दुसऱ्या वेळी पास झाली.

आता भाषेचं. फायर इंजिन बाहेर पडतं ते बहुतेक वेळा आगीसाठी नसतंच. कुणाच्या छातीत दुखत असतं, कुणी बाथरूममध्ये पडलेलं असतं. आणि आपल्या भागात समोरचा माणूस स्पॅनिश बोलणारा असणं अगदी नेहमीचं. म्हणून मुलाला पहिल्याच सत्रात स्पॅनिश घ्यायला सांगा. दुसरी भाषा येत असेल तर बऱ्याच ठिकाणी पगारातही थोडी भर पडते. आमची मुलगी स्वयंपाकघरात "दोंदे ले दुएले?", म्हणजे "कुठे दुखतंय?", हे घोकत फिरायची. माझी आई ओट्याशी भाकरी थापत असायची. चार दिवस ऐकून तिने अर्थ विचारून घेतला आणि पाचव्या दिवशी मागे न बघता म्हणाली, "गुडघ्यात." मुलगी लगेच तिला खुर्चीत बसवून समोर गुडघ्यांवर बसली, मनगट हातात घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा हळू विचारला. त्यानंतर तिचा सराव आजीवरच चालायचा.

धोका आहे, ते लपवत नाही. अग्निशामकांचं काम कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलं. धुराचे कपडे मुलगी घरी आणत नाही, आंघोळ स्टेशनवरच करून निघते. तरी तिच्या चोवीस तासांच्या पाळीला रात्री मला अजून दोनदा जाग येते.

सासूबाईंना जरूर पाठवा. कॉलेजांच्या नॉन-क्रेडिट (पदवीत न धरल्या जाणाऱ्या) ईएसएल, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गांना फी नसते आणि आजी झालेल्या कितीतरी बायका तिथे असतात. वर्ग सुरू होईपर्यंत घरी एवढंच करून घ्या: घराचा नंबर, रस्त्याचं नाव, गाव, आणि "फायर". ९११ या आणीबाणीच्या नंबरला बहुतेक ठिकाणी फोनवर दुभाषा जोडून देतात, पण त्यात वेळ जातो. पत्ता आधी सांगितला की गाडी तरी निघते.

– सॅन लिअँड्रोची मावशी

*

सौ. ताईंच्या यजमानांसाठी थोडं.

मी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयाजवळ वाढलो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही भारतभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आमच्या वाडीत बंबाची घंटा ऐकू आली की म्हातारी माणसं हात जोडायची. हे काम आपल्या लोकांना परकं नाही हो. नागपूरला तर १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. भारतातल्या पहिल्या महिला अग्निशामक हर्षिनी कान्हेकर तिथेच शिकल्या, २००२ मध्ये प्रवेश घेऊन. त्यांच्याही घरी काळजी वाटली असेलच.

रविवारी चहाला या, मुलालाही आणा. मला त्याच्याशी बोलायचंय.

– फ्रीमाँटचे काका

*

मावशी, काका,

तुमच्या दोन्ही मेल मी ह्यांना वाचून दाखवल्या. गोदीच्या स्फोटाचं ऐकताना त्यांनी टीव्ही बंद केला. त्यांच्या आजोबांची तेव्हा माझगावला नोकरी होती, हे मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळलं.

सासूबाईंचा पत्ता पाठ झालाय. कुकरची शिट्टी झाली तरी म्हणून दाखवतात. वर्गात नाव नोंदवलं.

रविवारी नक्की येतो. आणि काल संध्याकाळी ह्यांनी दुकानातून वाळूची दोन पोती आणली. बोलले काहीच नाहीत, गॅरेजसमोर ठेवून आत गेले.

– हेवर्डहून