मदत हवी आहे : होशिन कान्रीत 'कॅचबॉल' खऱ्या अर्थाने कसा करायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीने यंदा होशिन कान्री सुरू केलंय. जपानमध्ये १९६० च्या दशकात रुजलेली ही पद्धत: वरिष्ठांनी मोजकी मोठी उद्दिष्टं ठरवायची आणि ती खालपर्यंत प्रत्येक टीमच्या कामाशी जोडायची. एक्स-मॅट्रिक्स (उद्दिष्टं, कामं, मोजमाप आणि जबाबदाऱ्या एकाच पानावर जोडणारा तक्ता) भरून झाला, दर महिन्याचा आढावाही ठरला.

अडचण कॅचबॉलची आहे. उद्दिष्ट खाली यावं, टीमने 'हे जमेल, हे नाही, यासाठी अमुक लागेल' असं सांगावं, मग वरच्यांनी आकडा किंवा साधनं बदलावीत, अशी ती देवाणघेवाण. आमच्याकडे चेंडू खाली येतो आणि तिथेच राहतो! 'ग्राहकाला माल देण्याचा कालावधी ३० टक्क्यांनी कमी' हे वाक्य जसंच्या तसं माझ्या आठ जणांच्या टीमच्या कागदावर आलंय. त्यातला निम्माअधिक वेळ तर खरेदी विभागात जातो, आमच्या हातातच नाही. माणसं मनापासून काम करतात, त्यांच्या माथी असा आकडा मारणं मला पटत नाही.

कुणी हे प्रत्यक्ष केलंय का? किती फेऱ्या घेतल्या? दोन विभागांत विभागलेल्या उद्दिष्टाची जबाबदारी कुणाकडे ठेवलीत? आणि वरिष्ठांना आकडा बदलायला कसं राजी केलंत? पुढच्या आढाव्याआधी उत्तर मिळालं तर फार मदत होईल.