आधी गाव की आधी दूरदेश?

भाऊ, तुम्ही म्हणता आधी गावची मंडळी, म्हणजे आपलं चर्च, मजबूत करा मग सुवार्ता सांगायला दूर सेवक पाठवा, पण बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये १:८ मधे यरुशलेम, यहूदिया, शोमरोन अन् पृथ्वीचा शेवट सगळं एका दमात सांगितलंय न. अन् आपल्याले दूर जायची गरजच नाही, परतवाड्याहून घाट चढला की मेळघाटात कोरकू बोलतात, ती मुंडा कुळातली भाषा, मराठीशी नातंच नाही, तिथं मराठी गीतं घेऊन गेलो तर परके आपणच. स्कॉटलंडचे मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ ला नागपुरात आले, त्यांनी गोंडांची गाणी ऐकून उतरवून घेतली, एवढी चिकाटी आपल्या तरुण संघात पाहिजे. मी तर म्हणतो दोन पोरं वर्षभर नुसती कोरकू शिकायला पाठवा, खर्च मंडळीनं उचलावा.