इनुइट पेशंटला आपला बीएमआयचा तक्ता लावायचा का?

रेवती_ओटावा

नमस्कार मंडळी. मी आहारतज्ज्ञ. शिक्षण नाशिकला झालं, पाच वर्षांपासून ओटावात आहे. पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुतला जातेय, बॅफिन बेटावरच्या एका लहान गावात. तयारीच्या वर्गात आम्हाला सरावासाठी एक केस दिली होती: ५२ वर्षांची इनुइट बाई (इनुइट म्हणजे तिथले मूळ रहिवासी), बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३, बीपी ११८/७४, ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, अगदी छान. माझ्या हाताने सवयीने लिहून टाकलं, "चरबी कमी करा, वजन उतरवा." आपल्याकडे २३ च्या वर गेलं की आपण पेशंटला सावध करतो, २५ ला लठ्ठ म्हणतो. मग ३३ ला गप्प कसं बसायचं? आणि सीलची चरबी खाणाऱ्या माणसाला नेमकं काय सांगायचं? तिकडे काम केलेलं कुणी आहे का इथे?

पहाटवारा

इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या नुसतं मांस आणि चरबी खाऊन ठणठणीत राहिले. त्यांना फक्त ब्रेड-साखर बंद करायला सांगा. मी स्वतः सहा महिने भात-पोळी सोडली, नऊ किलो उतरलं.

सांगलीची_सिस्टर

रेवती, मी नर्स. नुनावुतच्या तीन गावांत मिळून सहा वर्षं काढली, आता विनिपेगला असते. "चरबी कमी करा" लिहू नकोस. मी ते सांगून बसले होते, म्हणून सांगते.

पहिल्याच महिन्यात एका आजींना म्हटलं, मक्ताक कमी करा. मक्ताक म्हणजे व्हेलची कातडी आणि तिच्या आतला चरबीचा थर. आजींनी नाक आक्रसलं आणि गप्प बसल्या. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. दुभाष्या मुलीने मला बाजूला घेतलं. नाक आक्रसणं म्हणजे 'नाही', भुवया उचलणं म्हणजे 'हो'. आजींनी दोनदा स्पष्ट नकार दिला होता आणि मी उत्तराची वाट बघत उभी होते. तूही तिथे तोंडाकडे बघायला शीक, नुसते कान देऊन भागत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच घरी बोलावलं. स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा पसरलेला, त्यावर 'आर्क्टिक चार' नावाचा गोठलेला मासा आणि मक्ताकचे तुकडे. आजी अर्धचंद्रासारख्या सुरीने, उलूने, पातळ काप काढत होत्या, जो येईल तो खाली बसून खात होता. शेजाऱ्यांसाठी वाटा वेगळा काढून ठेवलेला. टेबलावर नातवाची दोन लिटरची कोला, निम्मी संपलेली. ज्या मक्ताकवर मी बोट ठेवलं त्यात त्यांचं व्हिटॅमिन सी होतं, आणि बाटलीबद्दल मी एक अक्षरही विचारलं नव्हतं. आजही तो दिवस आठवला की मन खट्टू होतं.

आता तुझ्या ३३ बद्दल. कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये गोऱ्या लोकांशी तुलना करून झालेली आहे. तेवढ्याच बीएमआयला, तेवढ्याच कंबरेला इनुइट माणसाचं बीपी आणि ट्रायग्लिसराइड्स सरासरीने कमी निघतात. एक कारण शरीराच्या ठेवणीतच आहे: धड लांब, पाय आखूड, त्यामुळे उंचीच्या मानाने वजन जास्त भरतं आणि बीएमआय फुगतो. पण याचा अर्थ वजनाने त्यांचं काही बिघडत नाही असा घेऊ नकोस. वजन वाढलं की धोका त्यांच्यातही चढतोच, फक्त चढण जरा खालून सुरू होते. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नकोस. पेशंटचं मागच्या पाच वर्षांतलं वजन कसं सरकलंय ते बघ, आणि सिगारेटचं विचार, ती तिथे फार आहे.

पहाटवारा, तुमचं वजन उतरलं याचा आनंद आहे, पण त्या लोकांचं उदाहरण आपल्याला लागू होत नाही. २०१५ मध्ये ग्रीनलंडच्या इनुइटांच्या जनुकांवर मोठा अभ्यास झाला. चरबी पचवण्याशी जोडलेले काही बदल त्यांच्यात जवळपास सगळ्यांमध्ये आहेत, युरोपियनांमध्ये जेमतेम २ टक्क्यांत. आणि "ब्रेड बंद करा" हे तिथे दुकानात उभं राहून म्हणून बघा. गावांना जोडणारे रस्ते नाहीत. जहाज येतं ते बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यात. एरवी सगळं विमानाने. भाजी पोचेपर्यंत मलूल झालेली आणि भाव असा की हातातली कोबी परत ठेवावी. २००७-०८ च्या आरोग्य पाहणीत नुनावुतमधल्या दहापैकी सात इनुइट घरांत पोटापुरत्या अन्नाची खात्री नव्हती.

मग शिकारीला का जात नाहीत? पेट्रोल लागतं, स्नोमोबाइल लागते, काडतुसं लागतात. पूर्वी सीलच्या कातड्यांचे पैसे यायचे, त्यावर हा खर्च निघायचा. १९८३ मध्ये युरोपने पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारत नव्हते, मोठे रिंग्ड सील मारत होते, पण बाजार सगळाच कोसळला. एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने मला हे बोटं मोजत सांगितलं होतं: कातडं गेलं, पेट्रोल गेलं, मांस गेलं, मग दुकान आलं. माझ्या मते तिथल्या मधुमेहाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून करावी लागेल.

लॅबवाला_कोथरूड

सिस्टर, वाचून गलबलून आलं. रेवतीताई, साखरेबद्दल एक भर घालतो, कारण ती निसटू शकते.

२०१४ मध्ये ग्रीनलंडमध्ये टीबीसी१डी४ नावाच्या जनुकातला एक बदल सापडला. ज्यांना तो आई आणि वडील दोघांकडून मिळतो असे तिथे साधारण ४ टक्के लोक आहेत, आणि त्यांना टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे दहापट. यात स्नायू साखर नीट ओढून घेत नाहीत. उपाशीपोटीची साखर चांगली दिसते, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी मात्र आकडा चढलेला. हाच बदल कॅनडातल्या आणि अलास्कातल्या इनुइटांमध्येही आहे. म्हणजे नुसती फास्टिंग किंवा नुसतं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) करून "सगळं ठीक" म्हणून पाठवलं तर काही जण हातातून सुटणार. शंका वाटली तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी मागा.

आणि तुमचा २३ चा आकडा आला कुठून तेही बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपली रेघ खाली ओढावी लागली ती आपल्या शरीरांकडे बघून. ती उचलून बॅफिन बेटावर नेऊ नका.

रेवती_ओटावा

सिस्टर, दादा, मनापासून आभार. केसवरचं उत्तर खोडलं. आता लिहिलंय: मासा, सील चालू द्या, गोड पेयं दिवसाला किती ते विचारा, दोन तासांची साखर. एकच शंका राहिली. गरोदर बायकांनाही सील चालू द्या म्हणायचं का? पाऱ्याचं वाचलंय, त्याची भीती वाटते.

सांगलीची_सिस्टर

भीती रास्त आहे, पण सरसकट "सील नको" म्हणू नकोस, बाई घाबरून दुकानाकडे वळते. पारा साठतो तो मुख्यतः रिंग्ड सीलच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये. २०१२ मध्ये नुनावुतच्या आरोग्य खात्याने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना तेवढंच सांगितलं होतं: रिंग्ड सीलचं लिव्हर टाळा, त्याऐवजी मांस खा. तू तेवढंच सांग. आणि सांगून झालं की थांब, भुवया उचलतेय का बघ.