डीआरसीत (डिझाइन नियमांची तपासणी) शून्य एरर, तरी यूएसबीची जोडी गडबडते. नियम नेमके कसे लिहायचे?

अंबड_लेआउट

नमस्कार मंडळी. चार लेअरचा १.६ मिमी जाडीचा सर्किट बोर्ड आहे, निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षांच्या शीतगृहांत तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा. वर सिग्नल, दुसरा लेअर अखंड ग्राउंड, तिसऱ्यावर पॉवर (३.३ आणि ५ व्होल्टचे दोन तुकडे), खाली पुन्हा सिग्नल. बाहेरच्या तांब्याखाली ०.२१ मिमीचं प्रीप्रेग (लेअरमधलं इन्सुलेशन). बोर्डावर यूएसबी २.० हाय-स्पीड, १०० एमबीपीएस इथरनेट आणि आरएस-४८५ अशा तीन प्रकारच्या डिफरन्शियल जोड्या आहेत, म्हणजे एकच सिग्नल परस्परविरुद्ध रूपात नेणारे दोन-दोन ट्रॅक.

यूएसबीची जोडी टाइप-सी कनेक्टरपासून ईएसडी डायोडमधून (स्थिर विजेपासून संरक्षण) जाते, व्हायाने (लेअर जोडणारं छिद्र) खालच्या लेअरवर उतरते आणि ५८ मिमीवर कंट्रोलरला मिळते. ट्रॅक ०.२६, गॅप ०.२ मिमी, नेट क्लासमध्ये (नेट म्हणजे एक विद्युत जोडणी, क्लास म्हणजे समान मापांच्या नेटांचा गट) हेच आकडे भरलेत. नेटांची नावं यूएसबी_डीपी आणि यूएसबी_डीएम.

कीकॅड या बोर्ड-डिझाइन सॉफ्टवेअरचा डीआरसी शून्य एरर दाखवतो. प्रत्यक्षात जोडणी ४८० एमबीपीएसवर होते, पण मोठी फाइल ओढताना मध्येच तुटते, आणि हे काहीच लॅपटॉपवर होतं. डीआरसीला इथे काय दिसत नाहीये? पुढचे दोन बोर्ड दुसऱ्याच्या हातून येणार आहेत, म्हणून डोळ्यांनी तपासण्यापेक्षा नियमांतच बसवायचं आहे.

तांबं_आणि_रेझिन

पहिली चूक नावातच आहे. कीकॅड जोडी ओळखतो ती नेटच्या नावाच्या शेवटावरून: एका नेटच्या शेवटी पी आणि दुसऱ्याच्या शेवटी एन, किंवा अधिक आणि उणे चिन्ह, आणि त्याआधीचा भाग दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा. डीपी-डीएम ही यूएसबीतली रूढ नावं, पण कीकॅडच्या लेखी ती दोन सुटी नेटं. जोडीच सापडली नाही, तर जोडीचे नियम लागू होणार कुणाला? एररही येत नाही, नियम नुसते पडून राहतात. स्कीमॅटिकमध्ये डीएमचं डीएन करा. लगेच खात्री करायची तर डिफरन्शियल जोडी ओढायचा टूल घेऊन त्या पॅडवर क्लिक करा. नाव चुकलं असेल तर जोडीतलं दुसरं नेट सापडत नाही असा संदेश तिथल्या तिथे मिळतो.

दुसरी गोष्ट. नेट क्लासमधला गॅप हा राउटरसाठी असतो. नंतर कुणी एक ट्रॅक हाताने सरकवला आणि गॅप ०.२ चा ०.५ झाला, तर त्यावर हरकत घेणारी कमाल मर्यादा तिथे नाही. कस्टम रूल्सच्या पानावर वेगळा नियम लिहा. अटीत 'इन डिफ पेअर' फंक्शन आणि त्यात यूएसबीचं सामाईक नाव. मर्यादा अशा:

डिफ पेअर गॅप: किमान ०.१८, पसंतीचा ०.२, कमाल ०.२२ मिमी.
ट्रॅकची रुंदी: किमान ०.२५, कमाल ०.२७ मिमी.
डिफ पेअर अनकपल्ड (दोन ट्रॅक शेजारी नसलेली लांबी): कमाल ५ मिमी.
स्क्यू (दोन ट्रॅकच्या लांबीतला फरक): कमाल १.२ मिमी.

नुसता पसंतीचा आकडा लिहून थांबू नका. तो राउटर वाचतो; डीआरसी किमान-कमाल बघतो.

स्क्यूच्या नियमात 'विदिन डिफ पेअर्स' हा पर्याय घाला. तो नसेल तर अटीत बसणारी सगळी नेटं एकाच गटात धरली जातात आणि प्रत्येकाची तुलना गटातल्या बाकी नेटांशी होते. मग अट सगळ्या जोड्यांना लागू असेल तर इथरनेटची ३० मिमीची जोडी यूएसबीच्या ५८ मिमीपेक्षा आखूड म्हणून एररचा ढीग पडतो, आणि माणूस वैतागून नियमच बंद करतो.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा. फाइल खालून वर वाचली जाते आणि अट जुळणारा पहिला नियम लागतो. म्हणून सर्वसाधारण नियम वर, खास नियम खाली. उलट लिहिलंत तर 'सर्व जोड्या' हा नियम यूएसबीचा नियम झाकून टाकतो.

शेजाऱ्यांपासूनचं अंतर राहिलं. अट अशी की 'ए' हे नेट जोडीतलं आहे आणि 'बी' त्याचा जोडीदार नाही; त्यासाठी 'इज कपल्ड डिफ पेअर' फंक्शनचा नकार वापरायचा. क्लिअरन्स किमान ०.६ मिमी, म्हणजे ग्राउंडपर्यंतच्या उंचीच्या साधारण तिप्पट. कनेक्टर आणि चिपच्या पिनांजवळ एवढी जागा मिळणारच नाही, म्हणून त्यांच्या कोर्टयार्डमध्ये (भागाभोवतीची आखलेली हद्द) ०.१५ ची सूट देणारा नियम त्याच्या खाली लिहा.

अंबड_लेआउट

नावं बदलली, नियम घातले. शून्याचे सात एरर झाले. सहा कळले: व्हायाजवळ गॅप फाकलाय, आणि ईएसडी डायोडपाशी अनकपल्ड भाग ५ मिमीच्या वर जातोय. सातवा कळत नाही. स्क्यू ४.१ मिमी दाखवतोय, पण कनेक्टर ते कंट्रोलर दोन्ही ट्रॅक मोजले तर फरक जेमतेम अर्धा मिमी आहे.

तांबं_आणि_रेझिन

टाइप-सीमुळे. त्यात डी अधिक ए६ आणि बी६ अशा दोन पिनांवर येतं, डी उणे ए७ आणि बी७ वर. १६ पिनांच्या कनेक्टरवर मधले चार पॅड बी७, ए६, ए७, बी६ अशा क्रमाने बसतात, म्हणजे उणे, अधिक, उणे, अधिक. सारख्या पिना जोडायच्या तर एका नेटला दुसऱ्यावरून उडी मारावीच लागते. ते उडीचं तांबं कीकॅड नेटच्या एकूण लांबीत धरतो. सिग्नलच्या वाटेत तो भाग नाही, ती लटकती फांदी आहे.

यासाठी १.२ ची मर्यादा ५ करू नका, खरी चूकही त्यात लपेल. तो एक एरर एक्सक्लूड करा (अपवाद म्हणून वगळा) आणि टिप्पणीत कारण लिहा: 'टाइप-सीची उडी, मुख्य वाटेतला फरक ०.५ मिमी'. फांदी मात्र आखूडच ठेवा, २-३ मिमीच्या आत.

सातपूर_हायस्पीड

वरचं सगळं बरोबर आहे, पण फाइल तुटण्याचं कारण माझ्या मते वेगळं आहे. जोडी खालच्या लेअरवर उतरली की तिचा संदर्भ (परतीचा करंट जिथून वाहतो ते तांबं) तिसरा लेअर होतो, आणि त्यावर ३.३ आणि ५ व्होल्टमधली फट आहे. जोडी ती फट ओलांडते का, ते बघा. ओलांडत असेल तर परतीच्या करंटची वाट तिथे तुटते, इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) उसळतो आणि दोन ट्रॅकमधला समतोल ढळला की कॉमन-मोड नॉइज (दोन्ही ट्रॅकवर सारखाच येणारा) तयार होतो. काही लॅपटॉप ते सहन करतात, काही नाही. डीआरसी दोन तांब्यांमधलं अंतर मोजतो. ट्रॅकच्या खाली काय आहे ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

हे तपासायला लावायचे दोन मार्ग आहेत.

सोपा मार्ग असा. फटीवर १ मिमी रुंद रूल एरिया (नियमासाठी आखलेला भाग) काढा, त्याला 'फट' नाव द्या आणि तो खालच्या सिग्नल लेअरवर लागू करा. मग नियम: जोडीतला ट्रॅक 'फट' या एरियाला छेदत असेल तर ट्रॅकला मनाई. पाच मिनिटांचं काम. उणीव एकच: पॉवरचे तुकडे बदलले की रूल एरियाही हाताने सरकवावा लागतो.

पक्का मार्ग पायथनचा. जोडीच्या प्रत्येक ट्रॅकवर दर ०.१ मिमीला एक बिंदू घ्या, ट्रॅकच्या मध्यावर आणि दोन्ही कडांवर. शेजारच्या प्लेन लेअरवरचा भरलेला झोन (ओतलेलं तांबं) त्या बिंदूखाली आहे का, ते झोनच्या 'हिट टेस्ट फिल्ड एरिया' फंक्शनला विचारा. झोन नाही किंवा झोनचं नेट मध्येच बदललं, तर ती जागा छापा. पायरी ०.५ मिमीची ठेवू नका. फट बहुधा ०.३ मिमीची असते, ती दोन बिंदूंच्या मधून निसटते. ५८ मिमीच्या ट्रॅकला सहाशेच्या आसपास पायऱ्या होतात, संगणकाला ते काहीच नाही. त्याच स्क्रिप्टमध्ये जोडीच्या प्रत्येक व्हायापासून १.५ मिमीच्या आत ग्राउंडचा व्हाया आहे का, तेही बघून घ्या. स्क्रिप्ट चालवण्याआधी झोन नव्याने भरा, नाहीतर तपासणी जुन्या तांब्याची होते.

या बोर्डावर दुरुस्ती म्हणून जोडी पूर्ण वरच्या लेअरवर आणा, खाली अखंड ग्राउंड आहेच. ते जमत नसेल तर जोडीच्या सबंध वाटेखाली तिसऱ्या लेअरवर ग्राउंडचा पट्टा ओता आणि सिग्नलच्या व्हायांजवळ दोन ग्राउंड व्हाया द्या. संदर्भ पॉवरचाच राहिला तर परतीचा करंट कपॅसिटरमधून जातो. १०० नॅनोफॅरड चालतो, पण व्हायापासून दूर बसवला तर त्याचा उपयोग होत नाही.

ओझर_पीसीबी

ऑल्टियम (दुसरं बोर्ड-डिझाइन सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी भर घालतो. तिथे जोडी स्कीमॅटिकवरच्या डिफरन्शियल पेअर डिरेक्टिव्हने जाहीर करतात, आणि त्यासाठी नावं _पी, _एन अशी हवीत. गॅप आणि कमाल अनकपल्ड लांबी 'डिफरन्शियल पेअर्स राउटिंग' नियमात असते. फटीसाठी हाय स्पीड गटात 'रिटर्न पाथ' नावाचा तयार नियम आहे, स्क्रिप्ट लागत नाही. नियम लिहूनही एरर येत नसेल तर डिझाइन रूल चेकरमध्ये त्या नियमापुढची बॅच ही चौकट बघा. ती रिकामी असेल तर पूर्ण तपासणीत तो नियम चालतच नाही.

आकड्यांबद्दलही बोलायला हवं. ०.२६/०.२ हे ०.२१ मिमी प्रीप्रेगवर ९० ओहमच्या आसपास येतात. तेच आकडे दोन लेअरच्या १.६ मिमी बोर्डावर नेले तर जोडी दीडशे ओहमच्या घरात जाते, आणि डीआरसी तरीही शून्यच दाखवतो. त्याला ओहम कळत नाहीत, मिलिमीटर कळतात. म्हणून बोर्ड बनवणाऱ्याकडून आधी स्टॅकअप (लेअरचा क्रम आणि जाडी) लेखी घ्या, त्यावरून रुंदी-गॅप काढा आणि मगच नियमात भरा. इथरनेटला १०० ओहम लागतात, त्याच प्रीप्रेगवर ०.२/०.२ च्या जवळपास. यूएसबीच्याच क्लासमध्ये ती जोडी टाकू नका. ऑर्डरमध्ये 'इम्पीडन्स कंट्रोल, ९० आणि १०० ओहम, अधिक-उणे १० टक्के, कूपनवर टीडीआर रिपोर्टसह' असं स्पष्ट लिहा; कूपन म्हणजे चाचणीचा तुकडा, टीडीआर म्हणजे त्यावरचं इम्पीडन्सचं मापन.

स्क्यूच्या मागे मात्र फार लागू नका. बाहेरच्या लेअरवर १ मिमीला साधारण ६ पिकोसेकंद लागतात आणि ४८० एमबीपीएसचा एक बिट २०८३ पिकोसेकंदांचा असतो. यूएसबी २.० च्या केबललाच १०० पिकोसेकंद स्क्यूची मुभा आहे. ०.१ मिमी साधायला जोडीत नागमोडी वळणं घातली, तर त्या वळणांत गॅप फाकतो आणि फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. आरएस-४८५ ला तर लांबी जुळवण्याचा नियम लावूच नका. तिथे १२० ओहमचं टर्मिनेशन (टोकाचा रेझिस्टर) आणि ग्राउंड बघा.

अंबड_लेआउट

सातपूरकर, फट होती. कंट्रोलरपासून १४ मिमीवर जोडी ३.३ वरून ५ व्होल्टच्या तुकड्यावर जात होती. रूल एरिया टाकल्याबरोबर दोन्ही ट्रॅकवर एरर आला. जोडी वरच्या लेअरवर घेतोय, आरएस-४८५ खाली ढकलून जागा होतेय. शेवटचा प्रश्न: दुसऱ्याकडून फाइल आली की नियम खरंच चालू आहेत, हे कसं ओळखायचं?

सातपूर_हायस्पीड

बोर्डाची एक प्रत मुद्दाम बिघडवून ठेवा. त्यात पाच चुका करा: एका जोडीतल्या नेटचं नाव डीएम, एका ठिकाणी गॅप ०.४, एक ट्रॅक जोडीदारापेक्षा ३ मिमी लांब, एक जोडी फटीवरून, एक सिग्नल व्हाया ग्राउंड व्हायाशिवाय. नियमांची फाइल बदलली की आधी या प्रतीवर चालवा. गॅप, लांबी आणि फट डीआरसीने पकडायला हवी, व्हाया स्क्रिप्टने. नावाची चूक दोघांनाही दिसणार नाही. त्यासाठी बोर्डावर अपेक्षित असलेल्या जोड्यांची यादी स्क्रिप्टमध्ये लिहा, आणि यादीतली जोडी सापडली नाही तर स्क्रिप्टने थांबायचं. कीकॅडच्या कमांड लाइनवर डीआरसी चालवताना 'एक्झिट कोड व्हायोलेशन्स' हा पर्याय दिलात तर एरर असताना काम तिथेच अडतं आणि गर्बर फाइल (कारखान्याला द्यायची) पुढे जात नाही. वर ठरवलेले एक्सक्लूजन प्रोजेक्टच्या फाइलींत साठतात, म्हणून समोरच्याकडून नुसता बोर्ड न घेता पूर्ण फोल्डर मागवा आणि प्रत्येक एक्सक्लूजनची टिप्पणी वाचा. टिप्पणी नसेल तो एरर पुन्हा उघडा.