‘पाहुणा आवाज’ हे मराठी आहे का?

तिरपी_मान
एका दिवाळी अंकासाठी ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेवर लेख लिहून दिलाय. बाहेरून येऊन एखाद्या भागापुरता आवाज देऊन जाणाऱ्या नामवंतांवर त्यात मोठा परिच्छेद आहे. १९९१ मध्ये रिंगो स्टार, १९९३ मध्ये जॉर्ज हॅरिसन, १९९९ मध्ये स्टीफन हॉकिंग. १९९२ मध्ये एलिझाबेथ टेलर आली ती एका शब्दासाठी. मॅगी या तान्ह्या पोरीचा पहिला शब्द, ‘डॅडी’. अशा लोकांच्या ‘स्पेशल गेस्ट व्हॉइस’ला मी ‘पाहुणा आवाज’ लिहिलं. संपादकांनी सगळीकडे ‘अतिथी स्वर’ करून टाकलं आणि समासात शेरा मारला, ‘पाहुणा माणूस असतो, आवाज नव्हे.’ मला तर ‘अतिथी स्वर’ म्हणजे रागात वर्ज्य असलेला स्वर चुकून लागला तर त्याला ठेवलेलं सभ्य नाव वाटतं. तुम्ही काय लिहिलं असतंत?

निवृत्त_प्रूफरीडर
शेरा बरोबर, औषध चुकीचं. ‘पाहुणा कलाकार’ चालतं, कारण जो पाहुणा तोच कलाकार. ‘पाहुणा आवाज’ म्हटलं की आवाजालाच चहापाणी विचारावं लागेल. पण ‘अतिथी’ त्याहून वाईट. तिथी न सांगता येतो तो अतिथी. ही मंडळी करार करून, स्टुडिओची तारीख ठरवून येतात. यांच्याइतकं तिथी पाळून कोणी येत नाही.

अनुस्वार
अ-तिथी ही फोड कीर्तनात छान वाटते. धातू ‘अत्’, म्हणजे फिरणे. हिंडताफिरता दारी येतो तो अतिथी. आणि ‘पाहुणा’ गावठी म्हणून हिणवू नये कोणी. संस्कृत प्राघुण, प्राकृतात पाहुण, आपल्याकडे पाहुणा. खानदान दोघांचंही तितकंच जुनं.

वऱ्हाडी_ठेचा
पाहुण्याचं सोडा, तुमचं ते ‘आवाज देणं’च आधी पाहा. आमच्या अकोल्याकडे ‘त्यानं आवाज देल्ला’ म्हणजे हाक मारली. पॉल मॅककार्टनीनं सिम्पसन्समध्ये आवाज देल्ला म्हटलं त आमची आजी इचारन, ‘काऊन, कोनाले बोलावून रायला तो?’

खालचा_मजला
अकोला कशाला, आमच्या चाळीतही तेच. ‘निघालास की खालून आवाज दे.’

स्वभाषाव्रती
मूळ दुखणं कोणी पाहतच नाही. ‘आवाज’ हा फारसी शब्द. ज्या भाषेत बोलपट, दिग्दर्शक असे शब्द घडले, तिथे ‘कंठदान’ रुळवायला काय हरकत आहे? अतिथी कंठदाते. अर्थवाही आहे, शुद्ध आहे.

खालचा_मजला
नेत्रदानासारखं? मरणोत्तर?

शेजारची_काकू
😀 मरणोत्तर म्हटलंत म्हणून आठवलं. फिल हार्टमन ट्रॉय मॅकक्लुअर आणि वकील लायनल हट्झ या दोन पात्रांना आवाज द्यायचा. १९९८ मध्ये तो गेला, तेव्हा ती पात्रं दुसऱ्या कोणाच्या तोंडी न देता थांबवली. म्हणजे इथे कंठदानाला नातेवाइकांनी नकार दिला म्हणायचं.

माझी खरी शंका वेगळी आहे. केल्सी ग्रॅमर साइडशो बॉब या पात्रासाठी १९९० पासून येतोय. त्याच कामासाठी २००६ मध्ये त्याला एमी पुरस्कार मिळाला. तो अजून पाहुण्यांतच! आमच्यात इतकी वर्षं राहणाऱ्याला घरजावई म्हणतात.

निवृत्त_प्रूफरीडर
काकू, हाच खरा मुद्दा. डॅन कॅस्टेलानेटा, नॅन्सी कार्टराइट, हँक अझारिया ही घरची माणसं. एकेका माणसाच्या गळ्यात डझनावारी पात्रं. ग्रॅमर बाहेरचा, पण नेहमीचा. आकाशवाणीच्या श्रुतिकांना हा पेच पडला नाही, कारण शेवटी नुसतं ‘भाग घेणारे कलाकार’ म्हणून सगळी नावं ओळीनं वाचायचे. घरचा कोण, बाहेरचा कोण, ऐकणाऱ्याला कशाला? मी तर म्हणतो, ‘सहभाग’ लिहा आणि मोकळे व्हा.

तिरपी_मान
सहभाग लिहिलं तर नावाजलेपण जातं. माझा परिच्छेद तेवढ्यासाठीच आहे.

अटलांटिकपार
न्यू जर्सीहून लिहिते आहे. तुम्ही हँक अझारियाला घरचा म्हणालात. खरंय, पण आमच्या घरात त्याचा आवाज वेगळ्या कारणानं लक्षात आहे. मालिकेतला भारतीय दुकानदार अपू, त्याचं बोलणं अझारियाचं. माझ्या मुलाला शाळेच्या बसमध्ये पोरं ‘थँक यू, कम अगेन’ म्हणायची, अगदी तोच हेल काढून. मुलगा जन्मानं इथला. त्याला तो हेल येतसुद्धा नाही. हरी कोंडाबोलू यांचा या विषयावरचा माहितीपट २०१७ चा. २०२० मध्ये अझारियानं अपूचा आवाज देणं सोडलं. त्याआधी २०१६ मध्ये उत्कर्ष अंबुडकर अपूच्या पुतण्याच्या आवाजासाठी आला होता. म्हणजे खुद्द अपूचा आवाज घरच्या माणसाचा, आणि भारतीय वंशाचा नट त्या दुकानात पाहुणा. यालाही शब्द सुचवा कोणीतरी.

अनुस्वार
शब्द नाही सुचत. पण ‘हेल’ वापरलात ते फार आवडलं. हल्ली सगळे ‘ॲक्सेंट’ लिहितात आणि हेल फक्त कोकणी माणसाच्या वाट्याला ठेवतात.

मालवणी_खाजा
हेल आमकाच असता आणि पुण्यात काय असता? प्रमाणभाषा?

निवृत्त_प्रूफरीडर
कृपया तिकडे जाऊ नये. मागच्या वेळी त्या वाटेनं गेलो आणि धागा बंद करावा लागला.

स्वभाषाव्रती
कंठदानाची टिंगल झाली, उत्तर मिळालं नाही. ‘आवाज’ म्हणजे गोंगाटसुद्धा. भांड्यांचा आवाज, फटाक्यांचा आवाज. माणसाच्या वाणीला तोच शब्द का?

शेजारची_काकू
कारण ‘तुझा आवाज बसलाय का?’ असं तुम्हीही बायकोला विचारता. ‘कंठ बसलाय’ म्हणत नाही. नुसता ‘कंठ’ फुटतो तो वयात येणाऱ्या मुलाला.

वऱ्हाडी_ठेचा
आन हॉकिंगसाहेबाचं काय? तेथी त कंठबी नाही अन् दानबी नाही. यंत्राचा आवाज, तरी जगानं तो त्याह्यचाच मानला. कंठदाते म्हनसान त खोटं पडन.

खालचा_मजला
मला श्रेयनामावलीतली दुसरी गोष्ट खटकते. ‘ॲज हिमसेल्फ’. मराठीत ‘स्वतःच्या भूमिकेत’ लिहितात. टोनी ब्लेअर पंतप्रधान असताना एका भागात विमानतळावर सिम्पसन कुटुंबाचं स्वागत करताना दिसतो. ध्वनिमुद्रण एप्रिल २००३ चं, ऐन इराक युद्धातलं. ‘ब्लेअर स्वतःच्या भूमिकेत’ वाचून माझ्या वडिलांनी विचारलं, ‘मग? भूमिका बदलली नाहीच का त्यानं?’

अनुस्वार
वा, वडिलांना नमस्कार सांगा. म्हणूनच नुसतं ‘स्वतः’ पुरेसं आहे. ‘टोनी ब्लेअर : स्वतः’. २००४ मध्ये थॉमस पिंचन हा कधी कुणाला तोंड न दाखवणारा कादंबरीकार आला, तोही स्वतःच, पण डोक्यावर कागदी पिशवी घातलेला. त्याला ‘भूमिकेत’ म्हणणं चुकीचं आणि ‘दर्शन दिलं’ म्हणणंही चुकीचं.

अटलांटिकपार
आणि मायकल जॅक्सन? तो १९९१ च्या भागात आला, पण स्वतः म्हणून नाही. वेड्यांच्या इस्पितळात होमरला, म्हणजे सिम्पसन कुटुंबातल्या बापाला, एक धिप्पाड गोरा माणूस भेटतो. त्याला वाटत असतं की आपण मायकल जॅक्सन आहोत. त्याचं बोलणं खऱ्या जॅक्सनचं, पण श्रेयनामावलीत नाव जॉन जे स्मिथ. आणि त्यातली गाणी? ती किप लेनन नावाच्या दुसऱ्याच गायकानं जॅक्सनसारखी म्हटली. बोलणं अस्सल, गाणं नक्कल. २०१९ मध्ये तो भागच दाखवायचा बंद केला.

निवृत्त_प्रूफरीडर
याला मराठीत नेमका शब्द तयार आहे, आणि तो पानिपतानं दिलाय. तोतया! सदाशिवरावभाऊ पडले १७६१ ला, पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत तोतया उभा राहिला आणि पुण्याची झोप उडवली. तुमच्या जॅक्सनच्या भागात तोतयाला खऱ्याचा आवाज आणि खऱ्याच्या गाण्याला तोतया.

वऱ्हाडी_ठेचा
तोता म्हनजे पोपट. पढवलेलं बोलते तो तोतया. मपलं आपलं मत.

अनुस्वार
मत ठेवा, पण पुरावा द्या. बखरीत तो शब्द पोपटावरून आला असेल हे पटत नाही. ‘या’ प्रत्यय कुठून काढलात?

वऱ्हाडी_ठेचा
गवय्या, नाचा, बजावय्या. या प्रत्ययाची खाण हाये इकडं.

अनुस्वार
गवय्यात ‘य्या’ आहे, क्रियापदाला लागलेला. तोता क्रियापद आहे का? आणि ‘नाचा’ला तर ‘या’ही नाही.

तिरपी_मान
मंडळी, अंक परवा छपाईला जातोय. पाहुणा की अतिथी?

स्वभाषाव्रती
दोन्ही नकोत, हे मी वर सांगितलंच आहे. बाकी तोतया शब्दाबद्दल निवृत्त_प्रूफरीडर यांच्याशी सहमत नाही. तोतया दुसऱ्याची जागा बळकावायला येतो. त्या गायकाला काय बळकावायचं होतं? ती नक्कलच.

निवृत्त_प्रूफरीडर
नक्कल उघड असते, लोक हसतात. इथे ऐकणाऱ्याला कळू नये अशीच योजना होती. म्हणून तोतया.

शेजारची_काकू
मग पुष्पाच्या हिंदीत अल्लू अर्जुनच्या तोंडी श्रेयस तळपदेचा आवाज आहे, तो तोतया का? नाव पाटीवर छापून?

निवृत्त_प्रूफरीडर
नाही, ते डबिंग.

स्वभाषाव्रती
डबिंग?!