मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यात मिथेन

रानपाखरू : बोअरचे पाणी दुधासारखे पांढरे येते, भांड्यात ठेवल्यावर तळापासून वरपर्यंत निवळत जाते, आणि पंप मध्येच कोरडा घरघरतो. तपासणीत मिथेन निघाला. शेजारी कोळशाच्या थरांतून वायू काढतात. कंपनी म्हणते, हा वायू मुळातलाच आहे. तो त्यांच्यामुळेच आला हे सिद्ध कसे करावे? कृपया लवकर सांगा.

काळीमाती : कोणता देश, बोअर किती खोल, पाणी कोणत्या थरातले?

शुद्धजल : आम्ही आरओ बसवला. पाणी अमृतासारखे लागते.

काळीमाती : विरघळलेला वायू आरओच्या पडद्यातून पार होतो. प्रश्न काय, उत्तर काय!

रानपाखरू : ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलंड, चिंचिलाजवळ. बोअर वॉलून कोळसाथरातच आहे.

खाणकरी : चंद्रपूरच्या कोळसाखाणीत नोकरी केली आहे, म्हणून न विचारता सांगतो : मिथेनला वास नसतो आणि हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. पंपघर वरून उघडे ठेवा, टाकीला वायू बाहेर जाण्याची नळी लावा.

भूजल_निवृत्त : वायूतल्या कार्बनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासा, वायू कुठला ते कळून दूध का दूध होईल.

काळीमाती : तुमच्या भागातल्या सुरत खोऱ्यात (आपले सुरत नव्हे) ते होणार नाही. तिथला कोळशातला वायू बहुतांशी जीवाणूंनीच तयार केलेला असल्याने त्याची आणि उथळ थरांतल्या वायूची खूण सारखीच येऊ शकते. पाणी उपसून दाब उतरवला की कोळशाला चिकटलेला मिथेन सुटतो हे खरे. पण शेतीच्या उपशानेही दाब उतरतो. चिंचिलाजवळच्याच काँडामाइन नदीतल्या बुडबुड्यांवरून २०१२ पासून हाच वाद चालला आहे.

भूजल_निवृत्त : म्हणजे तपासूच नये?

काळीमाती : तपासावे, पण त्यावर सारी भिस्त ठेवू नये. तिथल्या पाणी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर सुट्या (पाण्यात न विरघळलेल्या) वायूमुळे बिघडलेला बोअरही भरपाईच्या तरतुदीत येतो, आणि कंपनीचे काम हे ‘संभाव्य’ कारण असले तरी चालते. पक्क्या पुराव्याचे ओझे तुम्ही आपणहून का उचलता? उत्पादनापूर्वी कंपनीने बोअरची तपासणी केली होती का?

रानपाखरू : केली होती. अहवाल समोरच आहे. पाण्याची पातळी, क्षार सगळे आहे, वायूचा रकाना कोरा.

काळीमाती : हे आधी सांगायचे ना! वायू मुळातलाच होता, तर तो तेव्हा का नोंदवला नाही, असे लेखी विचारा आणि त्याच पत्रात बोअरची नव्याने तपासणी मागा. नमुना टाकीच्या आधी, बाटली पाण्याखाली धरून, हवेचा बुडबुडा न राहू देता घ्यायला लावा. नळाखाली भरलेल्या बाटलीतून बराच वायू तिथेच उडून जातो.