दिवाळी अंकाची कादंबरिका: जाणकारांनी बघा (सोसायटी ग्रुप, मनीषनगर)

ए-२०४ ताई: वाचनालयातली मुलं किशोर कादंबरिका लिहून राहिली. पहिल्या महायुद्धातला १९१४ चा नाताळ, फ्रान्समध्ये समोरासमोरच्या खंदकांत इंग्रजांच्या फौजेतला एक गढवाली शिपाई आणि एक जर्मन पोरगा. पीडीएफ वर टाकली आहे.

बी-३०१ काका: सुरुवात छान जमली. पण पहिल्याच पानावर दोघांच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण आहे, ते काढा. जर्मनांकडे तेव्हा टोकदार चामडी पिकेलहाउब होतं, पोलादी आलं १९१६ मध्ये. तिसऱ्या प्रकरणातला वायूचा मुखवटाही जाईल. बेल्जियममधल्या ईप्रला जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला तो एप्रिल १९१५ मध्ये.

सी-१०३ काकू: मुखवटा खोडणं सोपं आहे हो. खरी अडचण भेटीची आहे. शिपाई रात्री फिरत फिरत पलीकडे कसा पोचतो? मधे काटेरी तार, चिखल, आणि सावली हलली की गोळी. भेटायला सबळ कारण पाहिजे, आणि ते इतिहासातच आहे: दोन्ही बाजूंचे मृतदेह मधल्या पट्ट्यात पडलेले होते. आधी २४ च्या संध्याकाळी जर्मन खंदकांच्या कडेला मेणबत्त्या लावलेली छोटी झाडं दिसतात, गाणी ऐकू येतात. मग हाका. मग कुणीतरी बंदूक ठेवून, हात वर करून बाहेर येतो. मग मृतांना पुरायचं काम, आणि त्यानंतर कुठे तंबाखू-बटणांची देवाणघेवाण. मुलांनी पुरण्याचा भाग गाळून थेट मिठी मारली, म्हणून ती पटत नाही. तो प्रसंग चार पानं चालू द्या.

ए-२०४ ताई: आणि त्यांचे पानभर संवाद?

बी-३०१ काका: कोणत्या भाषेत बोलतील? युद्धाआधी बरेच जर्मन इंग्लंडात वेटर, न्हावी म्हणून राहिले होते, म्हणून इंग्रजांशी त्यांच्या गप्पा जमल्या. गढवाली शिपायाला ती सोय नाही. खुणा, दोन-चार शब्द आणि वस्तू, एवढंच. त्या नाताळला इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना पितळी डबी मिळाली, हिंदी शिपायांच्या वाट्याला त्यासोबत खडीसाखर आणि मसाल्याची डबीही होती. जर्मन पोराच्या तळहातावर खडीसाखर ठेवू द्या, संवाद अर्ध्यावर येतील.

डी-४०२ दादा: शेवटही बदला नं ताई. दोघं युद्धभर पत्रं पाठवतात, ते शक्यच नाही. शत्रूच्या खंदकात टपाल जात नसे, अन् हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचे. वरिष्ठांनी तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच अशा सलगीला मनाई केली होती. १९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं, म्हणजे ताटातूट आपोआपच होते.

सी-१०३ काकू: मग गोळीबार पुन्हा सुरू करा. काही ठिकाणी जवान मुद्दाम उंच गोळ्या झाडत, तसं आपला शिपाई करेल. हवालदाराला ते कळतं की नाही, एवढं मात्र मुलांनीच ठरवावं.

ए-२०४ ताई: चालेल. पहिलं, तिसरं आणि शेवटचं प्रकरण मुलांकडे परत देते. खंदकाचा आराखडा कोण काढून देईल? अंतर किती धरायचं?

बी-३०१ काका: मी देतो. शंभर मीटर धरा, हाक ऐकू आली पाहिजे. खंदक सरळ रेषेत काढू नका, नागमोडी असायचा, नाहीतर एकाच तोफगोळ्यात पूर्ण रांग सापडेल.